बंदुकीचा गाभा, कारागिराचा हात आणि एक क्रमांक

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका गंभीर खटल्याची सुनावणी चालू असताना चर्चा अचानक स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावर अंडी, चिरलेला कांदा आणि मिरची ठेवली, तर त्याला आम्लेट म्हणायचे काय, असा प्रश्न न्यायमूर्ती अलिटो यांनी सरकारी पक्षाला विचारला. सरकारी पक्षाने अर्थातच ‘नाही’ असे उत्तर दिले. कारण अंड्यांचे आणि कांद्याचे दुसरेही पुष्कळ काही करता येते. त्यावर न्यायमूर्ती बॅरेट यांनी प्रश्न थोडा फिरवून विचारला : हेच सारे जिन्नस मोजून-मापून, एकाच खोक्यात भरून, एकाच पदार्थासाठी म्हणून कोणी घरपोच पाठविले तर? आपल्याकडे हा खटला चालला असता, तर बहुधा कांदेपोह्यांचा दाखला दिला गेला असता. पोहे, कांदा, शेंगदाणे, मोहरी ही वाण्याच्या दुकानात वेगवेगळी असतात तोवर तो किराणा असतो. पण ‘कांदेपोहे संच’ असे छापून पाच जणांच्या मापाने पुडके विकले, तर विकणाऱ्याला ‘मी पोहे विकतच नाही’ असे म्हणता येईल काय?

प्रश्न पोह्यांचा नव्हता. तो रायफलींचा आणि पिस्तुलांचा होता. अमेरिकेत गेली कित्येक वर्षे घरच्या घरी बंदूक जुळविण्याचा एक छंद रुजला आहे. जसे कोणी रेडिओ जुळवितो, कोणी जुनी मोटरसायकल उघडून पुन्हा बांधतो, तसे तेथे सुटीच्या दिवशी मोटारीच्या गॅरेजमध्ये रायफल बांधणारे लोक आहेत. त्यांपैकी बहुसंख्य सज्जन, कायदा पाळणारे आणि हातांनी काही घडविण्यात आनंद मानणारे आहेत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. या विषयावर आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले जाते, ते ‘अमेरिकन माणूस बंदूकवेडा’ एवढ्या एका शेऱ्यावर थांबते. शेरा सोपा आहे, पण त्याने काहीच समजत नाही.

समजून घ्यायचे तर बंदुकीच्या एका भागापासून आरंभ केला पाहिजे. नळी, दस्ता, घोडा, चाप, मॅगझिन हे सारे भाग ज्या एका धातूच्या सांगाड्याला जोडले जातात, त्याला ‘रिसिव्हर’ म्हणतात. पिस्तुलात त्यालाच ‘फ्रेम’ हे नाव आहे. नळी झिजली तर बदलता येते, दस्ता तडकला तर नवा बसविता येतो. रिसिव्हर मात्र बदलला की बंदूकच दुसरी झाली. तो बंदुकीचा गाभा होय. म्हणूनच १९६८ च्या अमेरिकन कायद्याने याच भागाला ‘बंदूक’ मानले. त्याआधीच्या, १९३८ च्या कायद्यात बंदुकीचा कोणताही सुटा भाग नियमनाखाली येत असे. प्रत्येक स्प्रिंगचा आणि प्रत्येक खिळीचा हिशेब ठेवणे अशक्य आहे, हे तीस वर्षांत ध्यानात आले. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची आणि १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाल्यानंतर नवा कायदा आला. त्याने असे ठरविले की, परवानाधारक उत्पादकाने रिसिव्हरवर क्रमांक कोरावा, विक्रेत्याने त्या क्रमांकाची नोंद ठेवावी, आणि बाकीचे भाग मात्र कोणीही खुशाल विकत घ्यावेत.

व्यवस्था शहाणपणाची होती. तिच्यात एक फट राहिली. स्वतःच्या वापरासाठी, विक्रीचा हेतू न ठेवता, बंदूक बनविणाऱ्या सामान्य नागरिकाला संघराज्याच्या कायद्याने परवाना लागत नव्हता. क्रमांकही कोरावा लागत नव्हता. १९६८ मध्ये ही सवलत मूठभर कुशल लोकांपुरतीच होती. पोलादाच्या ठोकळ्यातून रिसिव्हर कोरणे हे वर्षानुवर्षे हात घासलेल्या माणसाचेच काम होते. जो हे करू शकतो तो गुन्हेगारीत पडण्याची शक्यता कमी, आणि पडलाच तर त्याला कायद्याने अडविता येण्याची शक्यता त्याहून कमी, असा हिशेब कायदा करणाऱ्यांनी मनात केला असावा.

या सवलतीमागे एक जुनी परंपरा आहे आणि ती तिरस्कार करण्याजोगी मुळीच नाही. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात अठराव्या शतकात जर्मन भाषक कारागीर स्थायिक झाले. त्यांनी घडविलेली लांब नळीची रायफल पुढे ‘केंटकी रायफल’ म्हणून प्रसिद्धी पावली. लोहाराची भट्टी, सुताराची रंधणी आणि सोनाराची नक्षी अशा तीन विद्या त्या एका वस्तूत एकवटलेल्या असत. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या वसाहतकालीन गावात १९६० च्या दशकात वॉलेस गस्लर या कारागिराने ही विद्या पुन्हा हस्तगत केली. नळीपासून चापापर्यंत संपूर्ण रायफल केवळ अठराव्या शतकातील अवजारांनी घडवून दाखविली. तोंडातून दारू भरण्याच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका बांधणाऱ्या आणि झाडणाऱ्या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना तेथे १९३३ पासून आहे. १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि तोंडातून भरण्याच्या त्यांच्या प्रतिकृती यांना १९६८ च्या कायद्याने जवळजवळ मोकळे सोडले आहे, आणि त्यावरून कोणी आकांडतांडव केल्याचे दिसत नाही.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे १७९४ मध्ये सरकारी शस्त्रशाळा सुरू झाली. तेथे आणि हार्पर्स फेरी येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका ध्येयाचा पाठपुरावा झाला : कोणत्याही बंदुकीचा कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही बंदुकीत कानशीही न लावता बसला पाहिजे. जॉन हॉल या कारागिराने हार्पर्स फेरीला १८२० च्या दशकात हे साध्य करून दाखविले. थॉमस ब्लँचर्डने वेड्यावाकड्या आकाराचा लाकडी दस्ता यंत्रावर कातण्याची युक्ती काढली. मापपट्ट्या, गेज, मिलिंग यंत्रे यांची ही विद्या बंदुकीच्या कारखान्यांतून शिवणयंत्रात गेली, सायकलीत गेली आणि शेवटी मोटारीत गेली. पहिला यशस्वी टंकलेखक बाजारात आणला तो रेमिंग्टन या बंदुका बनविणाऱ्या कंपनीनेच! आज जगातल्या कोणत्याही दुकानात नट मागितला की तो बोल्टवर बसतो, याचे पुष्कळसे श्रेय त्या शस्त्रशाळांकडे जाते. स्प्रिंगफील्डची ती शाळा १९६८ मध्ये, म्हणजे उपरोक्त कायदा झाला त्याच वर्षी, बंद झाली.

तेव्हा कारागिरी आणि शस्त्र यांचे नाते उथळपणे नाकारता येत नाही. आपल्याला तर ते नाकारण्याचे काही कारणच नाही. खंडेनवमीला आपल्या घरांत आणि कारखान्यांत तलवारीशेजारी वाकस, करवत, लेथचा चक आणि आता संगणकही मांडला जातो, त्यावर एकच झेंडूचे फूल वाहिले जाते. शस्त्र आणि अवजार यांत आपल्या पूर्वजांनी पंक्तिभेद केला नाही.

पण गॅरेजमधल्या छंदाचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. कॅलिफोर्नियातील आर्मालाइट या कंपनीत यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात आखलेली ‘एआर-१५’ ही रायफल अशी रचलेली आहे की, तिचे दोन मुख्य भाग सुटतात व जुळतात. तिच्या नावातील ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट. अनेकांना वाटते तसे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्टने घेतले. पुढे पेटंटची मुदत संपल्यावर शेकडो उत्पादक तिचे सुटे भाग बनवू लागले. भाग एकमेकांत अचूक बसत असल्यामुळे, स्प्रिंगफील्डचे जुने स्वप्न इतके पुरे झाले की, जुळविणाऱ्याला कारागीर असण्याची गरजच उरली नाही. खालचा रिसिव्हर परवानाधारक दुकानातून, नावानिशी, पूर्वेतिहासाची चौकशी होऊन घ्यायचा आणि उरलेली रायफल टपालाने मागवायची. येथवर आक्षेपार्ह काही नाही. ज्याच्यावर क्रमांक आहे तो गाभा नोंदलेला आहे.

फट रुंद केली ती ‘ऐंशी टक्के’ या शब्दाने. कायद्यात असा कोणताही शब्द नाही. तो बाजाराने काढला. रिसिव्हर ‘जवळजवळ’ पुरा करायचा, शेवटचे थोडे काम शिल्लक ठेवायचे आणि म्हणायचे की, ही बंदूक नव्हे, हा तर धातूचा किंवा प्लास्टिकचा तुकडा आहे. म्हणून त्यावर क्रमांक नाही, घेणाऱ्याची चौकशी नाही, विकणाऱ्याकडे नोंद नाही. पुढे संपूर्ण पिस्तुलाचे भाग एकाच खोक्यात भरून विकले जाऊ लागले. त्या खटल्यात न्यायालयासमोर जी माहिती आली तीनुसार, असा संच पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसाने २१ मिनिटांत त्यातून पिस्तूल तयार केले. एकवीस मिनिटे! ज्या कामाला लँकेस्टरच्या कारागिराला महिने लागत, ते काम जेवणापूर्वीच्या वेळात उरकले. याला कारागिरी म्हणायचे काय? पाकिटातल्या शेवया उकळून कोणी बल्लवाचार्य होत नाही.

परिणाम आकड्यांत दिसला. गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठविलेल्या अशा बिनक्रमांकी बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या. २०२१ मध्ये तो आकडा १९,००० च्या पुढे गेला. त्यांचा माग काढण्याचे प्रयत्न जवळजवळ पूर्णपणे निष्फळ ठरले, असे सरकारने न्यायालयास सांगितले. ते स्वाभाविकच आहे. ज्याला नावच नाही त्याला हाक कशी मारणार? २०२२ मध्ये शासनाने नियम केला की, असे संच आणि सहज पुरे होणारे रिसिव्हर हेही कायद्याच्या दृष्टीने बंदूकच मानावेत. त्याला आव्हान दिले गेले, आणि २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो नियम उचलून धरला. निकालपत्र लिहिले ते गॉर्सच यांनी, जे स्वतः परंपरावादी न्यायमूर्ती म्हणून ओळखले जातात. हे मुद्दाम सांगतो, कारण हा प्रश्न डाव्या-उजव्यांचा आहे असे तेथे आणि येथेही समजले जाते. कॅलिफोर्नियाने आणि न्यू जर्सीने तर २०१८ मध्येच आपापले निर्बंध आणले होते. आपल्यापैकी अनेकांची मुले न्यू जर्सीत राहतात. त्यांना हे ठाऊक असलेले बरे, की एका राज्यात जो निरुपद्रवी छंद आहे तो नदी ओलांडताच गुन्हा ठरू शकतो.

छंदिष्टांचा मुख्य युक्तिवाद असा : क्रमांक आला की नोंद आली, नोंद आली की यादी आली, आणि यादी हाती असलेले सरकार उद्या बंदुका काढून घेईल. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विशेषतः आपण हिंदुस्थानच्या लोकांनी तरी तो हसण्यावारी नेऊ नये. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने शस्त्रांचा कायदा आणला, त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला, हा योगायोग नव्हता. शस्त्रांच्या त्या कायद्यातून गोऱ्यांना सूट होती. ज्याचा देश होता त्याला मात्र परवाना. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव झाले. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी यांनीही १९१८ मध्ये सैन्यभरतीचे आवाहन करताना त्या कायद्यावर कठोर टीका केली होती. निःशस्त्र केलेला समाज म्हणजे काय, हे आपण पुस्तकात वाचून शिकलेलो नाही.

तरीही मला तो युक्तिवाद पटत नाही. लिटनचा कायदा वाईट होता तो त्यात नोंद होती म्हणून नव्हे. तो परक्यांनी केला होता, आणि माणसाचा वंश पाहून सूट देत होता, म्हणून. आपण निवडलेल्या सरकारने, सर्वांना सारखा लागू होणारा, न्यायालयात तपासता येणारा क्रमांक मागणे ही वेगळी गोष्ट आहे. घराला सर्व्हे नंबर असतो, मोटारीला चासी नंबर असतो. त्याने घरही जात नाही आणि मोटारही जात नाही. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क आहे असे निःसंदिग्ध सांगितलेले आहे. त्या देशात यादीच्या भीतीला तेवढा तरी बांध आहे.

क्रमांक केवळ पोलिसांसाठी असतो असा समज आहे, तोही खरा नाही. येथे स्प्रिंगफील्डचीच एक हकीकत सांगण्याजोगी आहे. तेथे बनणारी १९०३ ची रायफल अमेरिकन सैन्याची मुख्य रायफल होती. तिच्या रिसिव्हरला पाणी देण्याआधी पोलाद किती तापले हे जुने अनुभवी कामगार डोळ्यांनी, त्याच्या रंगावरून ठरवीत. नजर पक्की होती; पण ढगाळ दिवशी जो रंग लाल भासतो तो कडक उन्हात फिका भासतो. त्यामुळे स्वच्छ दिवशी काही रिसिव्हर गरजेपेक्षा अधिक तापविले गेले आणि ठिसूळ झाले. वरून पाहता सारे सारखेच, तितकेच सुबक! १९१७ मध्ये त्यांतील काही रायफली झाडताना फुटू लागल्या. चौकशी झाली, तापमापक आले, पद्धत बदलली. आणि सुमारे आठ लाखांच्या आतले क्रमांक असलेले स्प्रिंगफील्डचे रिसिव्हर संशयित ठरले. आजही, शंभर वर्षांनंतर, अमेरिकेत ती जुनी रायफल हाती आलेला माणूस प्रथम तिचा क्रमांक वाचतो आणि तो आठ लाखांखाली असेल तर ती भिंतीवर टांगतो, झाडत नाही.

गोळी सुटते त्या क्षणी रायफलीच्या आत दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांहून अधिक दाब निर्माण होतो. मोटारीच्या टायरमध्ये तो तीस-पस्तीस असतो. हा दाब झाडणाऱ्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो आणि मध्ये असते ते केवळ धातूचे प्रामाणिकपण. सरकारी शस्त्रशाळेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांकडून, सूर्यप्रकाशाने चूक करविली. मग गॅरेजमध्ये एकवीस मिनिटांत जुळविलेल्या वस्तूची हमी कोण देणार? स्वतः कुशल असलेले छंदिष्ट हे जाणतात. त्यांच्यापैकी जाणते लोक नवख्याला पहिला सल्ला देतात तो हाच की, दाबाशी संबंधित कोणत्याही भागावर स्वतः प्रयोग करू नये, तो नामांकित उत्पादकाचाच घ्यावा, आणि पहिली गोळी झाडण्यापूर्वी जुळणी परवानाधारक बंदूकसाजाकडून तपासून घ्यावी. ज्या छंदाला हा विवेक आहे, त्याला क्रमांक कोरून घ्यायला हरकत नसावी.

शस्त्रबंदी कडक केली की प्रश्न संपतो, असे मानणाऱ्यांनी मात्र जपानकडे पाहावे. जगातील सर्वांत कठोर कायद्यांपैकी एक तेथे १९५८ पासून आहे. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात भर सभेत माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या घरी बनविलेल्या ओबडधोबड बंदुकीतून. भारताचा तो सच्चा मित्र त्या दिवशी गेला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीच्या प्रमुखाची हत्या झाली, तेव्हा पोलिसांच्या म्हणण्यानुसार हस्तगत पिस्तुलाचे काही भाग त्रिमितीय मुद्रणयंत्रावर बनविलेले होते. कायदा सर्व काही रोखू शकत नाही. तो जे सहज आहे ते अवघड करतो. बहुतेक गुन्हे सहजतेच्याच आधाराने घडत असल्यामुळे एवढेही पुष्कळ आहे.

आता घराकडे वळू. आपल्याकडे हा छंद नाही, आणि असू शकत नाही, हे तरुण वाचकांनी नीट समजून घ्यावे. १९५९ च्या आपल्या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दातच त्याचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. अमेरिकेने १९६८ मध्ये जो दरवाजा उघडा ठेवला तो आपण आधीच बंद केला होता. परवान्यावाचून बनविणे तर सोडाच, दुरुस्त करणे, बदल करणे, खेळण्यातल्या नकली बंदुकीची खरी करणे हेही गुन्हे आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा निर्मितीला पूर्वी तीन ते सात वर्षांची शिक्षा होती, ती आता किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप झाली आहे. परदेशातील चित्रफिती पाहून एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हुरूप आला, तर त्याच्या घरच्यांनी हे वाक्य त्याला पुन्हा एकदा वाचून दाखवावे. मला हा कायदा कडक वाटतो आणि योग्यही वाटतो.

परंतु कायदा योग्य आहे म्हणून त्याने काय गमावले हे पाहू नये, असे नाही. बिहारमधील मुंगेर येथे मीर कासिमने १७६० च्या दशकात आपली राजधानी नेली आणि तेथे बंदुका बनविण्याची विद्या रुजली. आज मुंगेरचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा छाप्याच्या बातमीत. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचे गाव आहे. पुण्यात, धुळ्यात, नाशकात गावठी कट्टा पकडला गेला की तपासाची वाट अनेकदा तेथे जाते. तेथील सिकलीगर कारागीर आपली परंपरा गुरु गोविंदसिंगांच्या सैन्याची शस्त्रे घडविणाऱ्यांशी जोडतात. ज्यांच्या पूर्वजांनी खालशाच्या तलवारींना धार लावली, त्यांची नातवंडे आज गुंडांना पिस्तुले पुरविल्याच्या आरोपाखाली तुरुंगात जातात. यात संपूर्ण समाजाला दोषी धरणे हा अन्याय आहे. बहुसंख्य सिकलीगर कुलपे, चाकू आणि भांडी दुरुस्त करून पोट भरतात. पण जो हात कानशीने, हातातल्या लहानशा भट्टीवर चालता कट्टा घडवितो, त्या हातात काहीच नाही असे कोण म्हणेल? कट्टा वाईट आहे, घातकी आहे, कित्येकदा झाडणाऱ्याचाच पंजा उडवितो. हात वाईट नाही.

दुसऱ्या टोकाला आपले नेमबाज पाहा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. नजर आपली, श्वास आपला, स्थैर्य आपले. आणि या पातळीवर आपल्या नेमबाजांच्या खांद्याला लागणाऱ्या रायफली प्रायः जर्मनीच्या किंवा स्वित्झर्लंडच्या. पन्नास मीटरवर दहाच्या वर्तुळात गोळीमागून गोळी बसविणारा रिसिव्हर आणि नळी घडविणे हे युरोपातही लहान लहान कारखान्यांचे, पिढीजात कारागिरांचे काम आहे. सामान्य कुटुंबातील मुलाला ती रायफल घ्यायची तर बापाला कर्ज काढावे लागते. इच्छापूरचा रायफल कारखाना एका शतकाहून जुना आहे, खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा. सैन्याची गरज त्यांनी भागविली, यात शंका नाही. खेळाडूची गरज कोणी भागविली?

येथे मध्यमवर्गालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. अमेरिकन माणसाच्या गॅरेजमधली बंदूक आपल्याला दिसते; त्याच गॅरेजमधला व्हाइस, ड्रिलयंत्र आणि भिंतीवर आकारानुसार टांगलेले पाने दिसत नाहीत. आपल्या घरात एक चांगला पकड आणि टेस्टर सापडला तरी नशीब. नळ गळला की प्लंबर, पंखा कुरकुरला की इलेक्ट्रिशियन. मुलाने स्वतः उघडून पाहिले तर ‘अभ्यास कर’ म्हणून ओरडा. बंदुकीचा छंद आपल्याला नको. पण दहाव्या वर्षी मुलाच्या हाती कानस देणारे, व्हर्नियर कसा वाचायचा ते शिकविणारे, एक मिलिमीटरचा दहावा भाग चुकला तर काय होते हे दाखविणारे घर आपल्याला हवे आहे. ते नाही म्हणून आपली मुले अभियंते होतात आणि लेथला हात लावायला घाबरतात.

मागणी करायची ती शासनाकडे, आणि ती अगदी नेमकी आहे. २००१ पासून संरक्षणसामग्रीचे उत्पादन खाजगी उद्योगांना खुले आहे. २०२१ मध्ये सरकारी आयुधनिर्माणींच्या सात कंपन्या झाल्या. या उद्योगांत मुंगेरच्या आणि उमर्टीच्या मुलांसाठी प्रशिक्षणाची राखीव दारे उघडावीत. गुन्हा केलेल्याला शिक्षा व्हावी, त्यात दयामाया नको. परंतु ज्याने अजून केलेला नाही आणि ज्याच्या अंगी ती विद्या आहे, त्याला तापमापक, गेज, वेतनपत्रक आणि रिसिव्हरवर कोरायचा क्रमांक मिळावा. स्पर्धेच्या रायफली देशात बनाव्यात यासाठी नेमबाजी संघटनेने आणि या कंपन्यांनी एकत्र बसावे. उमर्टी ज्या जळगाव जिल्ह्याच्या उंबरठ्यावर आहे, त्याच जिल्ह्यात वरणगावची आयुधनिर्माणी आहे. तेथे सैन्याच्या रायफलींची काडतुसे बनतात, आणि तपासूनच बाहेर पडतात. तेथील पुढच्या शिकाऊ तुकडीत सिकलीगर मुले असावीत, यासाठी जळगावच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीला एक पत्र लिहायला हरकत नाही.